सासऱ्यांची अडीच हजार पुस्तकं

प्रश्न : ताई, सासरे गेल्या वर्षी गेले. त्यांची अडीच हजारांच्या आसपास पुस्तकं आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे आमच्या टू बीएचकेत आलेत. मुलगी म्हणते, लायब्ररीसारखे ड्युईचे, म्हणजे विषयाप्रमाणे ठरलेले, नंबर घालू. हे म्हणतात, लेखकाच्या आडनावाने लावू. काही पुस्तकांना कसरही लागलीय. मला कुठून हात घालावा तेच कळत नाही.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी ड्युईचा निकाल लावू. तालुक्याच्या वाचनालयात ३१ वर्षं मी हे आकडे लिहिले, म्हणून हक्काने सांगते, घरी नको. ही पद्धत १८७६ सालची, अमेरिकेतली. तिच्यात इंग्रजी साहित्याला ८२०चं अख्खं दालन आणि आपल्या मराठीची सोय ८९१.४६वर! म्हणजे तुमच्या घरात दर दुसऱ्या पुस्तकाच्या पाठीवर तोच आकडा येणार. पुढे कवितेला १, नाटकाला २, कथा-कादंबरीला ३. कामाचा तेवढा तो शेवटचा आकडा, आणि त्यासाठी फळीला ‘कविता’, ‘नाटक’ अशी चिठ्ठी डकवली की भागतं.

त्या चिठ्ठीच्या आत मात्र यजमानांचं ऐका. आडनाव चालेल. पु. ल., गौरी, सुनीता, कुसुमावती हे सगळे देशपांडे एका चाळीत राहतील, राहू देत. टोपणनावांचा घोळ वाटतो तेवढा नाही. पुस्तकावर छापलंय तेच नाव धरायचं. आरती प्रभू कवितेच्या फळीवर, चिं. त्र्यं. खानोलकर कादंबरीच्या. माणूस एकच असला तरी शोधणारा हात त्या-त्या नावानेच जातो.

पण लावालावी नंतर, आधी वही. दोनशे पानी फुलस्केप आणा. अनुक्रमांक, पुस्तक, लेखक, कपाट-फळी, शेरा आणि शेवटचा रकाना ‘कुणी नेलं’. हा शेवटचा विसरलात तर दोन वर्षांत वहीच तेवढी उरेल. मुलीला एक्सेलमध्ये करायचं असेल तर करू दे, रकाने हेच. अनुक्रमांक शीर्षकपानाच्या मागे पेन्सिलीने लिहायचा, पेनाने नाही. रोज ४० पुस्तकं घेतलीत तरी दोन महिने जातील, तेव्हा दिवाळीच्या सफाईत उरकू म्हणू नका. सासऱ्यांनी पहिल्या पानावर तारीख, गाव, काही लिहिलेलं असेल तर ते शेऱ्यात उतरवा.

आता कसर. तिला बांधणीतली खळ आवडते आणि दमट अंधार. कसर लागलेली पुस्तकं आजच वेगळी काढा. ब्रशने झटका, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. (घरात मासळी येत असेल तर कप्पा वेगळा हवा, हे सांगायला नको.) बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर गार पानांना पाणी सुटतं. डांबराच्या गोळ्या पुस्तकांत टाकू नका, वास पानांत मुरतो. फाटक्या पानांना सेलोटेप तर अजिबात नको. माझ्या वडिलांच्या ज्ञानेश्वरीला मीच कॉलेजात असताना लावली होती. आता टेप सुटून आलीय आणि तिच्या जागी तेलकट पिवळा पट्टा राहिलाय, त्याखालच्या ओव्या भिंग घेऊन वाचते.

दिवाळी अंक लेखकाने नाही, सालाने लावायचे, आणि आडवे. उभे केले की पोटात वाकतात. मधल्या पिना बघा. गंजलेल्या असतील तर भोवती तांबडा डाग धरलेला दिसेल आणि पान तिथेच तुटेल. बोथट सुरीच्या टोकाने पिनेचे पाय उचला, पीन मागून ओढा आणि त्याच भोकांतून जाड पांढरा दोरा ओवून गाठ मारा. एका अंकाला पाच मिनिटं लागतात. टीव्ही बघता बघता होतं.

कपाट बाथरूमच्या भिंतीला लावू नका. दुसऱ्या भिंतीपासूनही दोन बोटं पुढे असू द्या. आणि फळी अडीच फुटांहून लांब नको. फूटभर पुस्तकांचं वजन आठ-दहा किलो सहज भरतं, प्लायवूड मधोमध पोट काढतं. सुतार म्हणेल, ‘वहिनी, चार फूट आरामात चालेल.’ त्याला सांगा, मग मध्ये उभा आधार दे.