प्लेटलेट कमी असताना बोन मॅरो तपासून नेमकं काय कळतं?

चिपळूणहून विचारलंत, बाबांना डेंग्यू नाही, तरी दोन महिने प्लेटलेट ४० हजारांवरच. मग कमरेच्या हाडातून मगज (बोन मॅरो) का काढायचा?

प्लेटलेट बनतात त्या मगजातल्या मेगाकॅरिओसाइट पेशींपासून. लॅबमध्ये काचपट्टीवर मी त्या रोज बघते. लाल पेशी ७-८ मायक्रॉनची, ही ५० ते १०० मायक्रॉनची. तांदळात फणसाची आठळी पडावी तशी लगेच नजरेत भरते. त्या भरपूर आहेत, तरी रक्तात प्लेटलेट कमी? म्हणजे बनतात, पण बाहेर नष्ट होतात. आयटीपीमध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते त्या आजारात, असं दिसतं. त्या जेमतेमच सापडल्या, बाकीच्या पेशीही विरळ, तर अप्लास्टिक अॅनिमियाचा (मगजात रक्तपेशी पुरेशा बनत नाहीत तो आजार) विचार होतो. खुरटलेल्या, एकाच केंद्रकाच्या दिसल्या की एमडीएसची, म्हणजे मगजात सदोष रक्तपेशी बनण्याच्या आजाराची, शंका येते. मात्र नुसत्या मापावरून निदान करत नाहीत, बाकीचे रिपोर्टही जुळावे लागतात.

आधी एक नक्की विचारा: रक्ताचा स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला थेंब) सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी पाहिलाय ना? ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या नळीत कधीकधी प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि मशीन आकडा उगाच कमी दाखवतं. तसं असेल तर सायट्रेट या तशाच दुसऱ्या रसायनाच्या नळीत पुन्हा रक्त द्या.

सुईची भीती बाबांना वाटणारच. जागा बधिर करतात; मगज ओढताना मात्र क्षणभर जोराची कळ येते, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.