आधी रात्र विचार

प्रिय बेटा,

तुझा मेसेज पहाटे वाचला. इतका लांब की चहा गार झाला. तुझ्या त्या पेशंट आजोबांचं वय ७४. तीन महिन्यांपूर्वी बीपी १६४/७८, गोळी वाढवली, १४८ झालं, दुसरी जोडली, आता १२२. आकडा सुधारला आणि माणूस बिघडला. पेपर उलगडून मांडीवर ठेवतात आणि तसेच बसून राहतात, सुनेवर खेकसतात, बँकेच्या पासबुकाचा हिशेब त्यांना लागत नाही. सून म्हणते गोळ्यांनी बाबा बिघडले, एक तरी बंद करा. मुलाने कुठेतरी वाचलंय की बीपीने स्मृतिभ्रंश होतो, तो म्हणतो अजून खाली आणा. मध्ये तू. "सर, वाढवू की कमी करू?"

आणि अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ: आजी गेल्यावर इंदूरच्या सराफा बाजारातलं घर विकून ते चार महिन्यांपूर्वी मुलाकडे बायपासच्या फ्लॅटमध्ये राहायला आले.

अगं, केसपेपर तिथून सुरू करायचा होता! घर सुटलं चार महिन्यांपूर्वी, बीपी चढलेलं सापडलं तीन महिन्यांपूर्वी. मध्ये किती रात्री गेल्या आणि त्या कशा गेल्या, याबद्दल तुझ्या एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये एक शब्द नाही.

सहा महिने तू माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसलीस. बीपीचा पट्टा बांधायच्या आधी रात्र विचार, हे मी किती वेळा बोललो असेन? तू हसायचीस. हस, पण विचार.

"झोप कशी आहे" असं नाही विचारायचं. त्याला अख्ख्या इंदुरात एकच उत्तर आहे, "ठीक है डॉक्टर साब, उमर हो गई." दिवा कधी घालवता ते विचार. पहिली जाग किती वाजता, आणि कशाने? लघवीने, स्वप्नाने, श्वास कोंडल्याने, की पाय वळल्याने? उठून काय करता? परत डोळा लागतो की पंखा मोजत पडता? दुपारी किती झोपता? आणि घरच्यांना वेगळं विचार, घोरता घोरता मध्येच आवाज बंद पडतो का आणि मग दचकून श्वास घेतात का. याला पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात तू दोन पर्च्या लिहितेस, मला माहीत आहे.

हे मी गप्पांच्या हौसेने सांगत नाही. निरोगी माणसाचं बीपी झोपेत दिवसापेक्षा १० ते २० टक्के उतरतं. ज्यांचं उतरत नाही त्यांच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या चोवीस तास मार खातात. झोपेत श्वास अडकणाऱ्याचं बीपी पुष्कळदा तीन-तीन गोळ्यांनाही दाद देत नाही, आणि दिवसा तोच माणूस पेंगतो, चिडतो, विसरतो. घरचे म्हणतात बाबा सठिया गए.

आता सराफा. तू कधीतरी आईस्क्रीम खायला गेली असशील, ते तिथे जन्मले. दागिन्यांची दुकानं बंद झाली की ओट्यांवर भट्ट्या लागतात आणि रात्री दीड-दोनपर्यंत कढया, झारे, भुट्ट्याचा कीस, हाका. सत्तर वर्षं ज्या माणसाला त्या कोलाहलात झोप लागली, त्याला बायपासवर नवव्या मजल्यावर काय ऐकू येत असेल? शेजारची कॉट रिकामी आहे, एवढंच. मी त्यांना पाहिलेलं नाही, तेव्हा छातीठोकपणे काही सांगत नाही. पण तू पाहिलंयस, सहा वेळा पाहिलंयस, आणि विचारलं नाहीस.

रागावलो. राहू दे. माझं सांगतो म्हणजे राग कुणावर आहे ते कळेल.

आईबद्दल तुला कधी बोललो नाही. ९६ साल, रामबागेतलं घर. आईचं बीपी मी सांभाळायचो. लाल पुठ्ठ्याच्या वहीत माझ्या अक्षरात आकडे: १२६/७४, १३०/७६, १२८/७४. मित्रांना दाखवायचो ती वही. पाय सुजायचे, ते गोळीमुळे, म्हणून लघवी वाढवणारी गोळी जोडली. सकाळी भजनाला जायचं असायचं म्हणून ती संध्याकाळी दिली. तिनेच मागितली तशी. मग रात्री चार वेळा उठणं. मग "झोप येत नाही रे", म्हणून अल्प्राझोलाम, आधी पाव, मग अर्धा मिलिग्रॅम. एका गोळीची घाण दुसरीने झाकत गेलो आणि वहीतले आकडे सुंदर राहिले.

आई फुलवाती वळायची. कापसाची छोटी चकती, मधोमध चिमूट, दुधाचं बोट लावून टोक पिळायचं. शंभर वातींची पुडी आणि शंभरही सारख्या. गल्लीतल्या बायका तिच्याकडून न्यायच्या. त्या वर्षी पुड्या बदलल्या. कुठल्या वातीला टोकच नाही, कुठे नुसताच कापसाचा बोळा, एका पुडीत साठ-पासष्टच. मी विचारलं तर म्हणाली, "हल्ली कापूस चांगला मिळत नाही." मी, एक एमबीबीएस डॉक्टर, ते मान्य केलं. बीपीने पोखरलेला मेंदू पुष्कळदा नावं विसरायच्या आधी कामाचा क्रम विसरतो, मंदावतो, सुरू केलेलं अर्ध्यावर सोडतो, हे मी वाचलेलं होतं. पुडी हातात होती आणि मी कापसाला दोष देत होतो.

एका पहाटे तीनला न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडली. खुबा मोडला. दवाखान्यात दुसऱ्या रात्री ड्यूटीवरची नर्स मला म्हणाली, "माताजी की साँस नींद में रुकती है, घर में किसी ने देखा नहीं?" आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एक भिंत होती. अकरा वर्षं.

तेव्हा सगळेच द्यायचे ती अल्प्राझोलामची गोळी. म्हाताऱ्यांना टाळायच्या औषधांची बीअर्स यादी अमेरिकेत १९९१ मध्येच निघाली होती, माझ्यापर्यंत यायला आणखी दहा वर्षं गेली. हे कारण मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलोय आणि ते खोटंही नाही. पण भिंतीपलीकडचं घोरणं ऐकायला यादी कशाला लागते? पुढे ती गोळी मी चार महिन्यांत थोडी थोडी उतरवली (एकदम कधीही तोडायची नाही, हे तुला पाठ असेल). नातवंडांची नावं परत आली. वाती नाही आल्या.

तर तुझा प्रश्न. मुलगा अगदीच चूक नाही. २०१९ मध्ये स्प्रिंट माइंड या अभ्यासाचे निष्कर्ष आले, नऊ हजारांवर माणसं. वरचा आकडा १४० च्या खाली ठेवण्यापेक्षा १२० च्या खाली ठेवलेल्यांत स्मृतिभ्रंशाच्या आधीची सौम्य अवस्था कमी दिसली. खुद्द स्मृतिभ्रंशातला फरक मात्र ठामपणे सांगावा इतका नव्हता. पण त्याला हेही सांग की उभं राहिल्यावर ज्यांचा वरचा आकडा ११० च्या खाली जात होता त्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. मधुमेहींनाही नाही. आजोबा उभे राहिल्यावर किती भरतात? तू लिहिलं नाहीस, म्हणजे मोजलं नाहीस. पाच मिनिटं आडवं झोपवून मोज, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर रात्री लघवीला उठणारा तो माणूस माझ्या आईच्या वाटेवर आहे. मग तुझ्या १२२ चं कौतुक पुरे.

सूनही अगदीच चूक नाही. बीपीच्या गोळीने मन मावळतं ही शंका जुनी आहे. सर्पगंधेचा बीपीवरचा उपयोग आपल्याच मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला, आणि तिच्यातून निघालेलं रिसर्पिन मी इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलमध्ये इंटर्न असताना सर्रास देत होतो. काही माणसं त्यावर गप्प गप्प व्हायची. खरंच त्यानेच का, यावर पुढे वाद झाले, पण घरचे येऊन सांगायचे आणि आम्ही उडवून लावायचो, हे मला आठवतं. तू उडवू नकोस. तू जोडलेली दुसरी गोळी लघवीची असेल तर रक्तातलं सोडियम आधी बघ. म्हाताऱ्या माणसात ते उतरलं की तो असाच हरवतो, आणि तू सगळे रिपोर्ट पाठवलेस, नेमकं तेच नाही. आणि मिठापायी सेव सोडा असं व्याख्यान देऊ नकोस. इंदुरी माणसाला पोह्यांवरची सेव सोड म्हटलं तर तो डॉक्टर सोडतो. अर्धी मूठ म्हण, ऐकतात.

उदासीची १५ प्रश्नांची वृद्धांसाठीची प्रश्नावली आहे, ती जरूर भर. पण लक्षात ठेव, त्यात झोपेचा एकही प्रश्न नाही. तो तुलाच विचारायचा आहे. बायको गेली, घर गेलं, चार महिने झाले. त्याला तू दुःख म्हण किंवा डिप्रेशन म्हण, पण झोपेची गोळी देऊन गप्प करू नकोस. विसरण्याच्या तपासण्या थांबू देत. न झोपलेल्या माणसाची स्मरणशक्ती तपासणं म्हणजे ताप असताना वजन उचलायला लावणं.

माझा मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही गप्पांपायी प्रॅक्टिस बुडवलीत." बारा पेशंट झाले की माझी संध्याकाळ संपायची, समोरच्या क्लिनिकमध्ये तेवढ्या वेळात चाळीस व्हायचे. गाडी सेकंडहँड राहिली, हे खरं. ९६ नंतर मला दुसऱ्या पद्धतीने काम करताच आलं नाही, हेही खरं. तू माझ्यासारखी कर असं म्हणत नाही, तुझ्यावर कर्ज आहे, मला माहीत आहे. पण पाच मिनिटं. वहीत बीपीच्या आधी एक रकाना आखून घे, 'रात्र' लिही वर. तो रिकामा असला तर पुढचा भरायचा नाही.

सोमवारी आजोबांना बोलाव. सुनेला दहा मिनिटं बाहेर बसव. पट्टा टेबलावरच राहू दे. सराफ्यातल्या घराची खिडकी कुठल्या बाजूला उघडायची ते विचार, आणि मग आता रात्री दोन वाजता काय करता ते. काय सांगतात ते मला लगेच कळव. उशीर झाला म्हणून संकोच करू नकोस, मी जागाच असतो.

तुझा,
सर