खोली बांधायची की बालवाडीच्या ताईंचे मानधन द्यायचे?

प्रश्न: माझे वय 64. नागपूरच्या मेडिकल रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतन महिना 41 हजार, घर स्वतःचे, बँकेत 26 लाखांच्या ठेवी. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्याचे उत्तम चालले आहे. पाचपावली भागातल्या ज्या मनपा शाळेत मी चौथीपर्यंत शिकले, तिथे लहान मुलांसाठी एक खोली बांधून आईचे नाव द्यावे असे मनात आहे. 12 लाख एकरकमी देऊ का? करात सूट किती मिळेल?

उत्तर: ताई, 12 लाखांचे हे दान तुम्हाला झेपेल. पण रक्कम एकदम देऊ नका, आणि खोलीसाठी तर नकोच.

कराचे आधी उरकून घेऊ. निवृत्तिवेतन आणि व्याज मिळून तुमचे वर्षाचे उत्पन्न सात लाखांच्या आसपास जाते. नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंत कर लागत नाही आणि तिथे देणगीवरची वजावटही (80जी) नाही. म्हणजे करसवलतीचा विचार सोडून द्या. संस्थेकडे 80जीची नोंदणी आहे का हे मात्र बघा, कारण ती असली की देणग्यांचा हिशेब आयकर खात्याला द्यावा लागतो.

आता खोलीचे. मनपाच्या जागेवर बांधलेली खोली मनपाची होते. मंजुरीपासून देखभालीपर्यंत सगळे त्यांच्या हाती. पटसंख्या घटल्यामुळे नागपुरात मनपाच्या कितीतरी शाळा बंद झाल्या किंवा शेजारच्या शाळेत विलीन झाल्या. उद्या तुमच्या शाळेवर ती वेळ आली तर आईच्या नावाच्या खोलीला कुलूप लागेल. एका शाळेत देणगीतून आलेला मोठा टीव्ही मी कापडाखाली झाकलेला पाहिला आहे. बिघडल्यावर दुरुस्तीला पैसे कोणाकडेच नव्हते. त्याच वस्तीतल्या बालवाडीत एक ताई वीस-बावीस मुलांना घेऊन बसल्या होत्या. बाटल्यांची झाकणे मोजायला लावत होत्या, मधेच एका रडणाऱ्या पोराला मांडीवर घेत होत्या. त्यांचे मानधन तीन महिने थकलेले होते. मला तो टीव्ही अजून खुपतो.

लहान वयातल्या शिक्षणाचा परतावा कशातून येतो, याचा एक जुना आणि भक्कम दाखला आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या यप्सिलँटी गावात 1962 पासून गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या 123 मुलांचा अभ्यास झाला. त्यातल्या काहींना बालवाडीत घातले, बाकीच्यांना नाही, आणि पुढे चाळिशीपर्यंत सगळ्यांची माहिती ठेवली. बालवाडीत गेलेल्यांची कमाई जास्त निघाली, अटकेचे प्रसंग कमी. नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांच्या गटाने या खर्चाचा समाजाला मिळणारा परतावा वर्षाला 7 ते 10 टक्के काढला. तिथे होत्या प्रशिक्षित शिक्षिका, आणि त्या दर आठवड्याला मुलांच्या घरी जाऊन आईशी बोलत. पैसा माणसांवर गेला होता.

म्हणून माझा सल्ला असा. 26 पैकी 8 लाख तुमच्या आजारपणासाठी सहज मोडता येतील अशा ठेवीत राहू द्या. त्याला हात नाही, शाळेसाठीसुद्धा नाही. बाकीच्या ठेवींची मुदत संपेल तसे 12 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. 8.2 टक्के दराने महिन्याला सरासरी 8,200 रुपये होतात, ते तिमाहीला मिळतात आणि खाते उघडताना असलेला दर पाच वर्षे बदलत नाही. महागाई वाढते, व्याज वाढत नाही. तेव्हा पहिल्या वर्षी महिना 7,000 द्या आणि दरवर्षी 500 वाढवा. पाच वर्षांत 4 लाख 80 हजार जातील, व्याज 4 लाख 92 हजार येईल. मुद्दल तुमच्याच नावावर. अडचण आलीच तर दोन वर्षांनंतर एक टक्का कापून खाते बंद करता येते.

द्यायचे कोणाला? अंगणवाडी सेविकांचे मानधन शासन देते, तिथे तुमचा पैसा शिरणार नाही. वस्तीत बालवाडी चालवणारी, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली संस्था शोधा आणि ‘एका ताईचे मानधन, पाच वर्षे’ असे लेखी ठरवा. लेखापरीक्षण अहवाल मागा. द्यायला कुरकुर केली तर दुसरी संस्था बघा. भेट न कळवता द्या, आणि मुलांकडे बघण्याआधी ताईंना मागचे मानधन कधी मिळाले ते विचारा.

तुमच्या जुन्या शाळेला विसरा असे मी म्हणत नाही. तिथल्या व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, काय कमी पडते ते त्यांना विचारा. पाठ्यपुस्तके आणि पोषण आहार सरकारकडून येतात, त्यावर खर्च नको. सतरंज्या, पंखे, खालच्या उंचीचा फळा अशा वस्तू केंद्राच्या विद्यांजली पोर्टलवरून थेट शाळेला देता येतात. वर्षाला 15-20 हजार पुरेत.

तुमच्यामागे 12 लाख बालवाडीला जावेत असे वाटत असेल तर दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करा, त्यात संस्थेचा नोंदणी क्रमांक लिहा. नुसते नॉमिनी लावून भागत नाही. नॉमिनी रक्कम ताब्यात घेतो, मालकी मृत्युपत्राने ठरते. आणि हे मुलाला आत्ताच सांगा, पुण्याहून येईल तेव्हा समोर बसवून. आईचे नाव त्या मानधनाला द्या, संस्था आनंदाने देईल.

खाते एप्रिलच्या सुरुवातीलाच उघडलेत तर पूर्ण तिमाहीचे पहिले व्याज जुलै लागता लागता जमा होईल. आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे जुलैचे मानधन त्यातूनच देता येईल.