कट्टा, माग आणि नवी इमारत

प्रश्न : वडगावातील जुन्या गल्लीत आमचे घर आहे. पुढे कट्टा, आत सोपा आणि बाजूच्या खोलीत दोन यंत्रमाग आहेत. भावकीची तीन घरे पाडून तेथे चार मजली इमारत बांधण्याचा प्रस्ताव बिल्डरने ठेवला आहे. सौर बंब आणि पावसाचे पाणी साठवण्याची सोय असल्याने ती शाश्वत ठरेल, असे तो सांगतो. तेवढ्यावर समाधान मानावे काय?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : मानू नये. पाणी आणि वीज वाचलीच पाहिजे. परंतु आज तेथे राहणारी माणसे उद्याही तेथे राहू शकतील, कमावू शकतील आणि एकमेकांना भेटत राहतील की नाही, हा शाश्वततेचा सामाजिक भाग असून तो नकाशा काढतानाच ठरतो.

आधी मागांचे पाहू. यंत्रमागाचा हादरा मोठा असल्याने तो तळमजल्यावर, पक्क्या जमिनीवरच बसवावा लागतो. तळमजला सगळा पार्किंगला गेला, तर घर मिळेल आणि धंदा जाईल. घरातल्या बायका स्वयंपाकपाणी सांभाळून मागासाठी सुताच्या कांड्या भरतात. माग दूरच्या शेडमध्ये हलले की त्यांची ही कमाई बुडते आणि ती कोणत्याच कागदावर नसल्यामुळे तिची भरपाईही कोणी मागत नाही. मला यातला सर्वांत मोठा अन्याय हाच वाटतो.

संध्याकाळी आजी कट्ट्यावर शेंगा फोडत बसते, तेव्हा गल्लीतली पोरे तिच्या नजरेखाली खेळतात. ती तिसऱ्या मजल्यावर गेली, तर तिचे खाली येणे लिफ्टवर अवलंबून राहील. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात १९५०च्या दशकात प्रुइट-आयगो ही अकरा मजली ३३ इमारतींची वसाहत उभी राहिली. खर्च वाचवण्यासाठी तेथील लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबत असे; देखभाल भाड्यातून भागवायची होती, भाडेकरू घटले तसा तो पैसाही आटला आणि १९७२ पासून त्या इमारती पाडाव्या लागल्या. म्हणून लिफ्टची देखभाल कोण करणार व कोणत्या पैशांतून, हे करारात लिहून घ्यावे आणि प्रवेशद्वाराशी सर्वांसाठी कट्टा मागावा.

आपल्या पत्रात भाडेकरूंचा उल्लेख नाही. कोणी असतील, तर सही करण्यापूर्वी त्यांनाही बैठकीला बोलवावे.

कराराचा मसुदा मराठीतही मागावा. महापालिकेकडे हरकत नोंदवण्याची वेळ आली, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते, त्यामुळे आपला अर्ज मराठीत चालतो. अर्जासोबत नकाशाची प्रत जोडून माग कोठे बसणार, ती जागा त्या प्रतीवर लाल शाईने दाखवावी.