वाचकांचे प्रश्न: बॉक्सिंगच्या गाजलेल्या टायटल फाइट्स आणि कॉर्नरमधलं एक मिनिट

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की टायटल फाइट बघताना ठोसे तर सगळेच बघतात, तुम्ही दोन राउंडच्या मधलं ते एक मिनिट बघा, स्टुलावर बसलेला बॉक्सर आणि त्याच्यासमोर वाकलेला त्याचा माणूस (त्या कोपऱ्याला आणि तिथल्या माणसांनाही कॉर्नर म्हणतात). त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून भरपूर मेल आले, काहींनी वादही घातलाय. जागेत बसतील तेवढे प्रश्न घेतोय.

प्रश्न: सर, मनिलाची मुहम्मद अली-जो फ्रेझर फाइट मी जुन्या रेकॉर्डिंगवर बघितली. चौदा राउंड झाले होते, फक्त एकच उरला होता आणि फ्रेझर लढायला तयार होता. मग त्याच्याच कोचने फाइट थांबवली हा त्याच्यावर अन्याय नाही का? (नौपाड्यातले एक निवृत्त शिक्षक)

उत्तर: सर मला म्हणू नका, तुम्ही वयाने मोठे आहात. प्रश्न मात्र अगदी मर्मावर आहे, म्हणून यालाच जास्त जागा देतो.

1 ऑक्टोबर 1975, फिलिपिन्समध्ये मनिलाला लागूनच असलेल्या क्वेझॉन सिटीचं अरानेटा कोलिझियम. अमेरिकेतल्या लोकांना टीव्हीवर बघता यावं म्हणून फाइट तिथल्या वेळेनुसार सकाळी ठेवलेली, आत माणसं खच्चून भरलेली, वरून लाइट्स, उकाडा असा की नुसतं बसलेल्यालाही घाम फुटावा. सुरुवातीचे राउंड अलीचे, मधले फ्रेझरचे, तो अलीच्या अंगाला भिडून बरगड्यांवर हुक, म्हणजे बाजूने वळवून ठोसे, मारत राहिला, आणि मग बाराव्यापासून अलीने परत पकड घेतली, तेराव्यात तर फ्रेझरचा माउथपीस (दातांवर बसवायचं कवच) उडून बाहेर पडला. आता मुख्य गोष्ट ऐका, फ्रेझरच्या डाव्या डोळ्याची नजर आधीपासूनच अधू होती आणि इथे त्याचा उजवा डोळा सुजून बंद व्हायला लागला, म्हणजे चौदाव्या राउंडमध्ये तो माणूस जवळजवळ आंधळेपणाने लढत होता, अलीचा ठोसा लागल्यावरच त्याला कळायचं की तो आला होता.

त्याचे कोच एडी फच हे सगळं एका हाताच्या अंतरावरून बघत होते. रिंगमध्ये जीव गेलेले बॉक्सर त्यांनी त्याआधी बघितले होते. फ्रेझर मला जाऊ दे म्हणत होता, त्यांनी त्याला बसवलं आणि संपलं म्हणून सांगितलं, आज तू इथे जे केलंस ते कोणी विसरणार नाही अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले. समोरच्या कोपऱ्यात अलीची अवस्थाही फार बरी नव्हती, जिंकल्यावर तो उठला आणि खाली कोसळला. म्हणून लोक म्हणतात की फचनी अजून थोडं थांबायला हवं होतं, पण त्यांना त्या कोपऱ्यात काय चाललंय ते बघायचंच नव्हतं, त्यांच्यासमोर एक डोळे मिटलेला पोरगा बसला होता आणि गुण लिहायच्या तीनही कार्डांवर तो मागे होता.

मी स्वतः ठाण्यात पोरांना शिकवतो आणि स्पर्धेत त्यांच्या कॉर्नरला उभा राहतो म्हणून सांगतो, ते मिनिट पूर्ण मिनिट नसतंच. घंटा झाली की स्टूल आत सरकवायचं, माउथपीस काढून बादलीत धुवायचा, घोटभर पाणी द्यायचं, मानेवर बर्फाची पिशवी, यातच वेळ निघून जातो, शेवटी जेमतेम दोन वाक्यं बोलायला उरतात. आणि बोलण्यापेक्षा महत्त्वाचं असतं बघणं, तो माझ्याकडे बघतोय की माझ्या आरपार बघतोय. पोरगा कधीच म्हणत नाही की बास झालं. एकही नाही म्हणत. म्हणून ते म्हणायला दुसरा माणूस लागतो.

पण थांबवणं हेच एक काम नाही बरं का. 25 फेब्रुवारी 1964, मायामी बीच, अलीचं नाव तेव्हा कॅशियस क्ले होतं आणि समोर सनी लिस्टन, ज्याला सगळे टरकून असायचे. चौथ्या राउंडनंतर क्लेचे डोळे कशाने तरी जळायला लागले, दिसेना, माझे ग्लोव्हज कापून काढा म्हणाला. त्याच्या कॉर्नरला अँजेलो डंडी होते, त्यांनी डोळे धुतले आणि त्याला ढकललं रिंगमध्ये, नुसता पळत राहा म्हणून. राउंड संपेपर्यंत डोळे निवळले, पुढे सातव्याला लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही आणि क्ले चॅम्पियन झाला. हेच डंडी 2 ऑक्टोबर 1980 ला लास वेगासला होते, अली अडतीस वर्षांचा, समोर लॅरी होम्स, दहा राउंड नुसता मार खाल्ला अलीने, आणि मग डंडींनीच फाइट थांबवली. एकदा ढकललं आणि एकदा थांबवलं, माणूस तोच आणि बॉक्सरही तोच. त्यामुळे काका, माझ्या मते फचनी अन्याय केला नाही, उलट त्या पूर्ण फाइटमधला सगळ्यात मोठा निर्णय त्यांचा होता.

प्रश्न: टायसन-डग्लस फाइटमध्ये डग्लस खाली पडला तेव्हा रेफरीने हळू काउंट केला, नाहीतर टायसन जिंकला होता असं आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात. खरं काय? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कोपरखैरणे)

उत्तर: अरे, हा वाद टायसन-डग्लसच्या टोकियोतल्या फाइटच्याही आधीचा आहे. काउंट म्हणजे पडलेला उठेपर्यंत रेफरी दहापर्यंत मोजतो ते, दहापर्यंत उठला नाही तर तो हरला. 1927 मध्ये शिकागोला टनी आणि डेम्प्सी लढले, सातव्या राउंडला टनी पडला आणि डेम्प्सी त्याच्या डोक्यावरच उभा राहिला. तेव्हा नियम असा होता की पाडणाऱ्याने न्यूट्रल कॉर्नरला, म्हणजे दोघांपैकी कोणाचाच नसलेल्या कोपऱ्यात, जायचं, त्याशिवाय काउंट सुरू होणार नाही. डेम्प्सी जाईपर्यंत काही सेकंद गेली, टनी रेफरीच्या नऊवर उठला पण जमिनीवर होता चौदा सेकंदांच्या आसपास, आणि शेवटी पॉइंट्सवर तोच जिंकला. अजून लोक भांडतात त्यावर.

टोकियो डोममध्ये 11 फेब्रुवारी 1990 ला आठव्या राउंडच्या शेवटी डग्लस पडला, रेफरीचा काउंट टाइमकीपरच्या थोडा मागे होता हे खरं आहे. पण बॉक्सरने बघायचं असतं रेफरीच्या बोटांकडे, घड्याळाकडे नाही, आणि डग्लस ती बोटं बघूनच नऊवर उठला. फाइटनंतर टायसनच्या लोकांनी तक्रार केली, दोन संघटनांनी निकाल अडकवूनही ठेवला आणि मग थोड्याच दिवसांत डग्लसला मान्यता द्यावी लागली.

तू काउंटपेक्षा टायसनचा डावा डोळा बघ. तो सुजत चालला होता आणि अशा सुजेवर दाबायला एन्सवेल म्हणून एक थंडगार धातूचा तुकडा प्रत्येक प्रोफेशनल कॉर्नरकडे असतो, तो त्यांनी आणलाच नव्हता. जगातल्या सगळ्यात महागड्या बॉक्सरची माणसं रबरी ग्लोव्हमध्ये बर्फाचं पाणी भरून त्याच्या डोळ्यावर धरत होती! सदतीस फाइट्समध्ये एकदाही न हरलेला माणूस, समोरच्यावर सट्ट्यात 42 ला 1 असा भाव, कशाला लागेल एन्सवेल असंच वाटलं असणार. डग्लसची आई तीन-एक आठवड्यांपूर्वी गेली होती, तो दुःखात होता पण जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मात्र पहिल्या मिनिटापासून खणखणीत टाकत होता. दहाव्या राउंडला टायसन आयुष्यात पहिल्यांदा खाली गेला, हातापायांवर रांगत माउथपीस शोधत होता, तो उलटासुलटा तोंडात धरून उठायचा प्रयत्न केला त्याने. रेफरीने मिठीत घेऊन थांबवलं. यात हळू काउंटचा काय संबंध, सांग बरं ग्रुपला.

प्रश्न: पूर्वी पंधरा राउंड असायचे, आता बारा का? (कळवा)

उत्तर: एका मृत्यूमुळे. 13 नोव्हेंबर 1982 ला लास वेगासला रे मॅन्सिनी आणि कोरियाचा किम डुक-कू यांची लाइटवेट या वजनगटातल्या टायटलची फाइट झाली, टीव्हीवर लाइव्ह. किम चौदाव्या राउंडच्या सुरुवातीला पडला, नंतर कोमात गेला आणि काही दिवसांत वारला. त्यानंतर लगेचच डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेने बारा राउंड केले, बाकीच्या संघटना त्या दशकात मागून आल्या. किम शूर होता, मॅन्सिनीने नियम मोडून काही केलं नव्हतं, दोघांपैकी कोणालाही दोष देता येत नाही, आणि म्हणूनच ती फाइट मी पोरांना दाखवत नाही, फक्त सांगतो.

प्रश्न: किन्शासामध्ये जॉर्ज फोरमनसमोर अलीने दोरांना टेकून मार खाल्ला तो प्लॅन होता म्हणतात. म्हणजे कॉर्नरने शिकवलं होतं का? (ऐरोली)

उत्तर: इथे माझ्याच लाडक्या थिअरीच्या विरुद्ध उदाहरण आहे आणि ते मला फार आवडतं. 30 ऑक्टोबर 1974, पहाटे चारच्या सुमारास उघड्या स्टेडियममध्ये फाइट सुरू झाली. फोरमन पंचवीस वर्षांचा, चाळीसपैकी चाळीस जिंकलेला, त्यातले सदतीस नॉकआउट, फ्रेझरला त्याने दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं होतं. अली बत्तीसचा. सगळ्यांना वाटत होतं की अली रिंगभर नाचेल, आणि हा दुसऱ्या राउंडपासून जाऊन दोरांना टेकला! डंडी आणि बाकी कॉर्नर ओरडत होते की दोरावरून हट, बाहेर ये, पण त्याने ऐकलं नाही. दोन्ही हात वर, कोपरं आत, फोरमनचे ठोसे दंडांवर आणि पोटावर झेलायचे आणि मध्येच सरळ एक तोंडावर द्यायचा, वर कानात बोलत राहायचं. फोरमनला तोवर लांबलेल्या फाइट्सची सवयच राहिली नव्हती, पाचव्यानंतर हात जड व्हायला लागले, आठव्यात अलीने दोरावरून वळून लागोपाठ ठोशांचं कॉम्बिनेशन टाकलं आणि तो गोल फिरत खाली गेला. म्हणजे कॉर्नरचं ऐकायचं हे खरं, पण रिंगच्या आत उभं राहून समोरच्याचा श्वास ऐकू येतो तो फक्त बॉक्सरलाच.

आणि पुढचं सांगायलाच हवं. वीस वर्षांनी, 5 नोव्हेंबर 1994 ला, पंचेचाळीस वर्षांचा फोरमन अपराजित मायकल मूररसमोर उभा राहिला, किन्शासाला घातली होती तीच लाल चड्डी घालून, आणि त्याच्या कॉर्नरला कोण, तर अँजेलो डंडी. कार्डांवर मागे होता, दहाव्या राउंडला एक सरळ उजवा टाकला आणि मूरर उठला नाही. मी ही फाइट कितीही वेळा लावली तरी त्या क्षणाला उभा राहतो.

प्रश्न: आपल्या मुंबईत कधी टायटल फाइट झालीये का? (घणसोली)

उत्तर: झालीये ना. 5 ऑगस्ट 2017, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये विजेंदर सिंग विरुद्ध चीनचा झुल्पिकार मैमैतियाली, दोघांचेही डब्ल्यूबीओ या संघटनेचे विभागीय बेल्ट पणाला लागलेले, दहा राउंड, विजेंदर अगदी थोडक्या पॉइंट्सने जिंकला. तेव्हा भारत-चीनमधला डोकलामचा तणाव चालू होता आणि जिंकल्यावर विजेंदरने रिंगमध्येच सांगितलं की शांततेसाठी तो त्याचा बेल्ट परत करायला तयार आहे. जागतिक टायटल नव्हतं ते, पण शेवटचे राउंड खरंच चुरशीचे होते.

प्रश्न: माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, पुढच्या महिन्यात तिची पहिली बाउट (लढत) आहे. तुमचा मनिलाचा लेख वाचून मला झोप नाही. तिला लागलं तर थांबवणार कोण? (एक आई, खारघर)

उत्तर: ताई, ते प्रोफेशनल बॉक्सिंग आणि हे वेगळं. तिचे वयोगटाप्रमाणे छोटे छोटे तीनच राउंड असतील, डोक्याला हेडगार्ड असेल, रिंगजवळ डॉक्टर असतो आणि थांबवण्याचा अधिकार रेफरीला असतो, डॉक्टरच्या सांगण्यावरून तो थांबवतो, शिवाय तिचा कॉर्नरही बाउट सोडू शकतो. बाउटच्या आधी तिच्या कोचना भेटा आणि सरळ विचारा की तुम्ही शेवटची बाउट कधी आणि का थांबवली होती. जो कोच याचं उत्तर नीट आणि न चिडता देईल त्याच्या हाती मुलगी निर्धास्त सोपवा. उत्तर टाळलं तर क्लब बदला, संकोच करू नका. आणि प्लीज कॉर्नरच्या मागे उभं राहून ओरडू नका, तिला दोन आवाजांमधला एकच ऐकू यायला हवा.

तिच्यासोबत बसून 2018 ची दिल्लीची फायनल बघा, मेरी कोमने तीन मुलांची आई असताना सहावं जागतिक सुवर्ण जिंकलं ती. आणि मग 30 एप्रिल 2022 ची केटी टेलर-अमांडा सेरानो, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिल्यांदाच दोन बायकांची बॉक्सिंग फाइट मेन इव्हेंट होती. पाचव्या राउंडला टेलर इतकी हलली होती की संपली असं वाटलं, तिथून पाय परत कसे जमवले ते मुलीला स्लो करून दाखवा.

प्रश्न: मी रोज ट्रान्सहार्बरने ठाणे-वाशी करतो, मोबाइलवर बघायला सुरुवात कोणत्या फाइटने करू? (घोडबंदर रोड)

उत्तर: हॅग्लर विरुद्ध हर्न्स, 15 एप्रिल 1985, मिडलवेट टायटल. एकूण आठ-एक मिनिटांची फाइट आहे, गाडीत आरामात होते. पहिला राउंड बघताना थांबवू नका, दोघांनीही एकमेकांना चाचपणं वगैरे काही केलंच नाही, पहिल्या सेकंदापासून खरे ठोसे. हर्न्सचा उजवा हात त्याच राउंडमध्ये मोडला, आणि हॅग्लरचं कपाळ फुटलं. तिसऱ्यात रेफरी रिचर्ड स्टीलने हॅग्लरला डॉक्टरकडे नेलं, जखम बघायला, डॉक्टरने चालू द्या म्हटलं, आणि आता फाइट आपल्या हातातून काढून घेतील हे ओळखून हॅग्लर जो सुटला तो हर्न्सला पाडूनच थांबला. परतीच्या प्रवासात कोरालेस-कॅस्टिलो, 7 मे 2005, थेट दहावा राउंड लावा, कोरालेस दोनदा पडतो आणि त्याच राउंडमध्ये जिंकतो. बघून झालं की कळवा, पुढच्या अंकात त्या राउंडला कोरालेसच्या तोंडातून बाहेर आलेल्या माउथपीसवरूनच बोलायचंय, तो त्याने मुद्दाम टाकला की कसं.