वाळूत गेलेला खेकडा उकरू नका

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. न्यू जर्सीत एडिसनला राहता, ऑगस्टमध्ये जर्सी शोअरच्या बोर्डवॉकवर (किनाऱ्यालगतच्या लाकडी फिरण्याच्या रस्त्यावर) मुलांच्या हट्टापायी तीन हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारे खेकडे, घेतले, त्यातला मोठा पाच आठवडे वाळूखाली आहे, आणि दुकानदार फोनवर सांगतो की "मेला असेल, उकरा आणि कोमट पाण्यात बुडवून बघा". नका उकरू. बाकीचं नंतर सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी प्राण्यांचा डॉक्टर नाही, आणि जे लिहितोय ते बोर्डवॉकवर सर्रास मिळणाऱ्या जांभळ्या नांगीच्या कॅरिबियन खेकड्याबद्दल, म्हणजे कोएनोबिटा क्लिपिएटसबद्दल आहे. दुसरी जात असेल तर तपशील थोडे बदलतील.

तो खाली कात टाकतोय. आधी भरपूर खातो, पाणी पितो, शंखात पाणी साठवतो, मग वाळूत स्वतःपुरती पोकळी करून अंधारात बसतो. पाय, नांग्या, डोळ्यांवरचं आवरण, सगळं जुनं कवच एकदम सुटतं. नवं कवच मऊ असतं. साठवलेल्या पाण्याने तो ते आतून फुगवतो आणि मग जुनं कवच कुरतडून खातो, कारण नवं कडक करायला लागणारा चुन्याचा मोठा साठा त्यातच असतो. अशा वेळी उकरलं की पोकळी ढासळते, मऊ पाय तुटतात, खायचं कवच वाळूत विखुरतं. जिवंत खेकडा उकरून मारायचा याहून खात्रीचा मार्ग नाही. क्वार्टरच्या नाण्याएवढ्या तोंडाच्या शंखातल्याला दीड-दोन महिने सहज लागतात, त्याहून मोठ्याला तीन किंवा जास्तही. पाच आठवडे म्हणजे काहीच नाही.

आता त्या दुकानांबद्दल. नाव घेत नाही, पण अशाच एका दुकानाच्या सल्ल्याची किंमत मी मोजली आहे, त्यामुळे थोडं कडवट वाटलं तर सोडून द्या. खेकड्याबरोबर जे छापील कार्ड हातात ठेवतात त्यात काय असतं? तारेचा पिंजरा, तळाला दोन इंच रंगीत खडी, एक ओला स्पंज, आठवड्यातून दोनदा आंघोळ. तारेच्या पिंजऱ्यात दमटपणा टिकत नाही, आणि हा प्राणी बदललेल्या कल्ल्यांनी श्वास घेतो. हवा कोरडी पडली की हळूहळू गुदमरतो. मरायला आठवडे लागतात, म्हणून कोणी पिंजऱ्याला दोष देत नाही. खडीत पोकळी होत नाही, त्यामुळे कात टाकायला जागाच नाही. आंघोळ घातली की शंखात त्याने स्वतः मापात जुळवलेलं खारं-गोडं पाणी धुऊन जातं. एवढं करून तो निपचित पडला की फोनवर "मेला असेल, दुसरा घेऊन जा". त्यांचा धंदाच त्यावर चालतो. हे खेकडे जवळपास सगळे रानातून पकडून आणलेले असतात आणि नीट ठेवले तर दहा-दहा वर्षं जगतात, हे त्या कार्डावर कुठेच नसतं.

मेला की जिवंत, हे नाकाने ठरवा. मेलेला खेकडा सडक्या मासळीसारखा असा घाण मारतो की विचारायची वेळ येत नाही. वाळूच्या पृष्ठभागाशी नाक नेऊन मातीचा किंवा समुद्राचा वास आला तर गप्प बसा. वर कुठे पाय-नांग्यांसकट आख्खा खेकडा पडलेला दिसला तरी घाबरू नका. बोटाने हलवून बघा, आतून पोकळ आणि हलका असेल तर ती कात आहे. तिथेच ठेवा, फेकू नका.

तुम्ही काचेची टाकी घेतलीत हे उत्तम केलंत. वाळू किती खोल आहे ते लिहिलेलं नाही. कमीत कमी सहा इंच, किंवा सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट, यातलं जे जास्त असेल ते. प्ले सँड (मुलांच्या खेळायची बारीक वाळू) पाच भाग, कोको पीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग, आणि भिजवायला समुद्री मिठाचं पाणी. मुठीत दाबली की लाडू वळला पाहिजे, पण पाणी निथळता कामा नये. कमी असेल तरी आता तो वर येईपर्यंत हात लावू नका. आणि वरून सारखा फवारा मारू नका. ते पाणी झिरपून तळाशी साचतं, वाळू कुजते आणि खालचा खेकडा त्यात जातो. काचेतून तळ बघा. पाणी साचलेलं दिसलं तर फवारा बंद.

दमटपणा 75 ते 85 टक्के, तापमान 75 ते 85 फॅरेनहाइट. ऑक्टोबरात घरात हीटर सुरू झाला की टाकी कोरडी पडायला लागते, तेव्हा जाळीच्या झाकणावर स्वयंपाकघरातली प्लास्टिक रॅप ताणून लावा. दमटपणा मोजायची काटेवाली गोल मीटरं फेकून द्या, डिजिटल घ्या, आणि तेही तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर थेंबभर पाणी घालून लापशी करा (विरघळू देऊ नका), मीटरसोबत झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी 75 टक्के दाखवायला हवं. जेवढा फरक, तेवढा मनात धरून चला.

पाण्याच्या दोन वाट्या, एक गोडी, एक खारी. खारीत मत्स्यालयाचं समुद्री मीठच. आपलं टाटा मीठ चालणार नाही. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (जंतू मारायला घालतात ते क्लोरीनचं संयुग) असेल तर ते रात्रभर ठेवूनही उडत नाही, म्हणून क्लोरीन काढणारे थेंब दोन्हीत घाला.

एखादा वरच, उघड्यावर कात टाकायला लागला तर उचलू नका. दोन लिटरच्या बाटलीची दोन्ही टोकं कापून ती नळी त्याच्याभोवती वाळूत खोचा, वरून अंधार करा. बाकीच्या दोघांना ताज्या कातीचा वास लागला तर ते त्यालाच खातील.

वर आलेल्याला कॅल्शियम हवं: उकळून कुटलेली अंड्याची टरफलं, कटलबोन (कटलफिशच्या आतलं चुनखडीसारखं कवच). घरात बिनमिठाचा जवळा असेल तर तो, आणि ओल्या खोबऱ्याचा तुकडा. त्यावर ते तुटून पडतात. शेजारी गोल तोंडाचे, थोडे मोठे, न रंगवलेले तीन-चार टर्बो शंख उकळून ठेवा. बोर्डवॉकवरच्या रंगवलेल्या शंखांचे पोपडे उडतात आणि ते पोटात जातात. त्या खोलीत डासांचं लिक्विड, झुरळांचा स्प्रे काहीही नको. किड्यांना मारणारी औषधं खेकड्यांनाही मारतात. (आणि मुलं कंटाळली म्हणून जर्सीच्या किनाऱ्यावर सोडून यायचा विचार असेल तर तोही नको, पहिल्या थंडीत मरतील.)

हीट मॅट टाकीच्या तळाखाली लावलीय का, हे मात्र आजच बघा. ती खालून वाळू सुकवते आणि पुरलेल्याला भाजते. असेल तर वाळू न हलवता मागच्या काचेवर, वाळूच्या पातळीच्या वर चिकटवा आणि मगच पुन्हा सुरू करा.