गिरणी बंद, घरधनी गप्प

ताई, सूतगिरणी बंद पडली आणि रिंगफ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, १९ वर्षं काढलेले तुमचे यजमान दीड वर्षापासून घरात गप्प बसून आहेत. चौकात जायला लाजतात. तुम्ही कापूस वेचायला जाते म्हटलं की 'आता बायकोच्या वेचणीवर जगू काय?' म्हणून चिडतात. जाऊ की नको, असं तुम्ही विचारता.

जा. वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि हंगाम सरला की तीही बंद होते, तेव्हा गिरणीकडची थकबाकीही मिळवायला हवी.

चिडतात ते लाजेपोटी. पण लाज त्यांची नाही. कापूस महाग आणि सूत स्वस्त झालं की कर्ज फुगतं, वीजबिल थकतं, खेळतं भांडवल आटतं. यात यंत्रावरच्या माणसाचा काय दोष? नागपुरात १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिलसुद्धा टिकली नाही. हे तुम्ही सांगण्यापेक्षा गिरणीतल्या त्यांच्या जुन्या सोबत्याने सांगितलेलं जास्त पटेल. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असतील, तर १४४१६ या मानसिक आधाराच्या मोफत सरकारी नंबरवर फोन करा. फवारणीचं औषध आजच घराबाहेर काढा.

त्या सोबत्याला बोलवायला थकबाकीचं निमित्त पुरे. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटल्यावर मालकाने द्यायच्या रकमेचा, हिशोब सोपा आहे: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. पगार-भत्ता मिळून १३,००० असेल तर १९ वर्षांचे १,४२,५०० रुपये. गिरणी सहकारी असून अवसायनात (कायमची बंद करून देणी मिटवायला) निघाली असेल, तर ते काम पाहणारा अवसायक कोण ते नागपूरच्या वस्त्रोद्योग कार्यालयात विचारा. त्याच्याकडे लेखी मागणी द्या, पोच घ्या आणि एक प्रत सहायक कामगार आयुक्तांकडे द्या.

पीएफचा अर्ज बहुतेक वेळा दोन कारणांनी अडतो. आधारवरचं नाव जुळत नाही, किंवा गिरणीने नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नसते. ती तारीख पीएफच्या शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी कामगाराला स्वतः पीएफच्या पोर्टलवर टाकता येते. पासबुक पगारपत्रकाशी महिनावार ताडून पाहा. कापलेले पैसे भरलेच नसतील तर पगारपत्रकं जोडून पीएफ कार्यालयात तक्रार करा. पेन्शनची रक्कम आता मागू नका. १० वर्षांच्या वर नोकरी असल्याने ५८व्या वर्षापासून ती दरमहा मिळेल. तोवर स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनसाठी धरलेल्या नोकरीचा दाखला, काढून ठेवा.

'सर्व रक्कम मिळाली' अशा पावतीवर हिशोब न करता सही करू देऊ नका. थोडे पैसे हातात पडले की घाईत हीच चूक होते, आणि नंतर भांडायला कागद उरत नाही.